नियम खेळाडूंसाठी, तसेच अ‍ॅडमिनसाठीही

मल्टीप्लेअर सर्व्हायव्हल, म्हणजे अनेकांनी एकाच जगात सामान गोळा करत तग धरण्याच्या, खेळाच्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर (ते जग चालवणाऱ्या संगणकावर) प्रवेश करताच नियमावली समोर येते. दुसऱ्याचे बांधकाम मोडू नका, चेस्टमधले (पेटीतले) सामान चोरू नका, एक्स-रे (लपलेले खनिज दाखवणारी युक्ती) वापरू नका, शिवीगाळ करू नका, जाहिरात करू नका, अशी ती यादी असते आणि बहुतेक वेळा तिच्या तळाशी ‘अ‍ॅडमिनचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य असते; अ‍ॅडमिन म्हणजे सर्व्हर चालवणारा. आधीच्या नियमांना माझा विरोध नाही. त्यांतले बरेचसे आवश्यकच आहेत. माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. खेळाडूने काय करू नये हे बारकाव्यांसह सांगणारी नियमावली, ज्याच्या हातात त्याला हद्दपार करण्याची सत्ता आहे त्याने काय करू नये याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. सर्व्हरवर खेळ न्याय्य होतो की नाही, हे नियम किती कडक आहेत यावर फारसे अवलंबून नसते. ते नियम चालवणाऱ्यालाही बांधतात का, यावर ते अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

आधी पणाला काय लागलेले असते ते पाहू. बाहेरून पाहणाऱ्याला मोडलेले घर म्हणजे पडद्यावरचे काही चौकोन वाटतात. पण सर्व्हायव्हल खेळाची रचनाच अशी असते की त्यातली प्रत्येक वस्तू वेळ खर्चून मिळवावी लागते. माइनक्राफ्ट या खेळात मोठा वाडा बांधायचा तर दगड, लाकूड, काच हे सारे आधी गोळा करावे लागते, आणि मृत्यू आला तर अंगावरचे सामान जमिनीवर पडून साधारण 5 मिनिटांत नाहीसे होते. ‘आर्क’ या खेळात काही प्राण्यांची पिल्ले वाढवायला खऱ्या घड्याळातले अनेक दिवस लागतात आणि त्या काळात खेळाडूंना आळीपाळीने त्यांची देखभाल करावी लागते. म्हणून चोरी किंवा नासधूस झाली की खेळाडूच्या आयुष्यातले, पुन्हा न मिळणारे तास जातात. नियमांचे काम या तासांचे रक्षण करणे हे आहे. हे एकदा मान्य केले, की अ‍ॅडमिनने कारण न देता कायमचा बॅन (बंदी) लावणे हीसुद्धा तितकीच मोठी, किंबहुना अधिक मोठी नासधूस ठरते, कारण तीत एक घर जात नाही, सगळेच जाते.

मात्र प्रत्येक सर्व्हरला एकच नियमावली लावावी असे मी म्हणत नाही. ‘रस्ट’ या खेळात दुसऱ्याच्या बेसवर (तळावर) रेड करणे, म्हणजे हल्ला करून लुटणे, हा खेळाचा गाभा आहे. तिथे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येणाऱ्या अपडेटबरोबर सर्व सर्व्हर वाइप होतात, म्हणजे सगळे जग पुसले जाते आणि सगळे पुन्हा हातात दगड घेऊन सुरुवात करतात. नुकसानीला त्यामुळे एक मर्यादा आपोआप पडते. आज बेस गेला तरी तो महिनाअखेर जाणारच होता. माइनक्राफ्टच्या सर्व्हायव्हल सर्व्हरवर तेच जग वर्षानुवर्षे चालते, लोक त्यात रस्ते, बाजार, गावे उभारतात. कृती एकच, घर फोडण्याची. पण एका ठिकाणी ती रीतसर चाल आहे आणि दुसऱ्या ठिकाणी विध्वंस. कुठली हानी सर्वांनी आधीच मान्य केली आहे आणि कुठली नाही, एवढेच नियमाने स्पष्ट सांगायचे असते. 2010 पासून चाललेला ‘टूबीटूटी’ हा माइनक्राफ्टचा सर्व्हर याचे टोकाचे उदाहरण आहे. तिथे चोरी, फसवणूक, हॅक (खेळातच फेरफार), सारे चालते, आणि ते सर्वांना आधीपासून ठाऊक असते. मला तिथे राहायला आवडणार नाही, पण त्याला मी अन्यायी म्हणणार नाही. उलट ‘मैत्रीपूर्ण समुदाय’ अशी पाटी लावून अ‍ॅडमिनच्या मित्रांना लूट करू देणारा सर्व्हर मला कितीतरी अधिक अन्यायी वाटतो. आणि टूबीटूटीवरही सर्व्हरच बंद पाडणाऱ्या युक्त्या अडवाव्या लागल्याच, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नियम खेळाच्या यंत्रणेतून उगवले पाहिजेत, दुसऱ्या सर्व्हरवरून उचलून आणलेले नसावेत. लढाई हरत आल्यावर कनेक्शन तोडून पळ काढण्याचे उदाहरण घ्या. ‘रस्ट’मध्ये खेळाडू बाहेर पडला तरी त्याचे शरीर तिथेच झोपलेले राहते, त्यामुळे पळून जाण्यात काही लाभ नसतो. ‘डेझी’ या खेळात बाहेर पडताना काही सेकंद थांबावेच लागते. माइनक्राफ्टमध्ये मात्र खेळाडू तत्क्षणी अदृश्य होतो, म्हणून तिथे याबद्दल नियम करावा लागतो. पण तो करताना आपल्याकडची परिस्थिती डोळ्यांआड करून चालत नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातून खेळणाऱ्या मुलाची पावसाळ्यात ऐन लढाईत लाईट जाते, किंवा मोबाइलचे नेटवर्क तुटते. त्याचा हेतू पळून जाण्याचा नसतो. एका प्रसंगावरून त्याला शिक्षा करणारा नियम कागदावर सर्वांना सारखा दिसतो आणि प्रत्यक्षात चांगली वीज आणि फायबर असलेल्यांच्या बाजूने झुकतो. तोच प्रकार पिंगचा, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परतायला लागणाऱ्या वेळेचा. भारतातून युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्याच्या हालचाली उशिरा आणि तुटक पोहोचतात, आणि फसवणूक पकडणारी स्वयंचलित प्रणाली कधी कधी त्यांनाच उडण्याचा किंवा वेग वाढवण्याचा हॅक समजते.

काही नियम तर नैतिकतेचे नसतातच, ते वाटपाचे असतात. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला 20 टिक (खेळाच्या काळाची पावले) चालवतो, म्हणजे प्रत्येक टिकला 50 मिलिसेकंद मिळतात. कोणी शेकडो गावकरी, हजारो कोंबड्या आणि रात्रंदिवस चालणारी यंत्रे एकाच जागी रचली की टिक लांबतात आणि सर्वांचाच काळ मंदावतो. अशी फार्म बांधणारा खेळाडू दुष्ट नसतो; बहुधा तो सर्वांत कल्पक खेळाडू असतो. त्याला गुन्हेगारासारखे वागवणे चूक, आणि त्याला मोकळे सोडणेही चूक. सामायिक साधनाचा हा जुना प्रश्न आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून फड पद्धतीने पाणी वाटले जाई तेव्हा कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवत आणि पाणी सोडणारा पाटकरी त्या शेतकऱ्यांच्या पंचांनी नेमलेला, त्यांनाच उत्तर देणारा असे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासाबद्दल. जगभरची कुरणे, मासेमारीची पाणी आणि सिंचन पाहून त्यांनी दाखवले, की टिकलेल्या व्यवस्थांमध्ये नियम ठरवताना वापरणाऱ्यांचा सहभाग असतो, शिक्षा पायरीपायरीने वाढते, तंटा सोडवायला स्वस्त आणि जवळची जागा असते, आणि देखरेख करणारे वापरणाऱ्यांना जबाबदार असतात. यातली शेवटची अट आपल्या सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी नसते.

माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर ऑपरेटरला (अधिकार दिलेल्या माणसाला) चार पातळ्यांचे अधिकार देता येतात आणि वरच्या पातळीवरचा माणूस हवी ती वस्तू निर्माण करू शकतो, कोणाच्याही शेजारी क्षणात पोहोचू शकतो, अदृश्य राहून पाहू शकतो, हद्दपार करू शकतो, सर्व्हर बंदही करू शकतो. आणि हाच माणूस संध्याकाळी त्याच जगात खेळाडू म्हणून हिरे खणत असतो. न्याय देणारा आणि स्पर्धक एकच असतील, तर तो माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती इतरांवर का असावी? एखाद्याचा लपवलेला बेस तपासाच्या निमित्ताने पाहिला, हे तो विसरू शकत नाही. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे: अधिकार वापरणारे खाते आणि खेळण्याचे खाते वेगळे असावे, अधिकाराच्या प्रत्येक वापराची नोंद व्हावी, आणि ती नोंद निदान जुन्या, विश्वासू खेळाडूंना पाहता यावी. ज्या तंट्यात अ‍ॅडमिनचा स्वतःचा, भावंडाचा किंवा क्लॅनमधल्या (गटातल्या) सोबत्याचा संबंध आहे त्यात निर्णय दुसऱ्याने द्यावा. यासाठी पैसे लागत नाहीत; फक्त सत्तेचा थोडा त्याग करण्याची तयारी लागते.

पुराव्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एक्स-रे कसा चालतो? सर्व्हर खेळाडूच्या संगणकाला आजूबाजूच्या जगाची माहिती पाठवतो, तीत दगडाआड लपलेले खनिजही असते. बदललेला गेम किंवा पारदर्शक टेक्श्चर पॅक (ब्लॉकवरच्या चित्रांचा संच) ते दाखवतो. नोव्हेंबर 2021 मधल्या माइनक्राफ्टच्या 1.18 आवृत्तीपासून जगाचा तळ उणे 64 या उंचीपर्यंत खाली गेला आणि हिरे खोलवर अधिक मिळू लागले, त्यामुळे प्रामाणिक खेळाडूच्या हातीही कधी कधी संशय यावा इतके हिरे लागतात. केवळ ‘याच्याकडे फार हिरे आहेत’ हा पुरावा नव्हे. बोगद्याचे वळण पाहावे लागते: समोर काहीच दिसत नसताना तो पुन्हा पुन्हा थेट लपलेल्या हिऱ्याकडेच वळतो का, आणि मधले कोळसा-लोखंड सोडून देतो का. कोणी कोणता ब्लॉक कधी फोडला, कोणत्या चेस्टमधून काय काढले, याची नोंद ठेवणारे कोअरप्रोटेक्टसारखे प्लगइन (सर्व्हरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) अनेक वर्षे उपलब्ध आहेत आणि त्यांतून मोडलेले बांधकाम पूर्ववतही करता येते. ‘पेपर’ या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये लपलेल्या खनिजांबद्दल खोटी माहिती पाठवून एक्स-रे निष्प्रभ करण्याची सोय आहे. जे तंत्राने रोखता येते ते आधी तंत्राने रोखावे आणि संशयाच्या बळावर शिक्षा देण्याची वेळच कमी आणावी. ही सोय सुरू न करता खेळाडूंना संशयावरून हाकलणारा अ‍ॅडमिन स्वतःच्या निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करत असतो.

पुरावा गोळा करण्याच्या नावाखाली एक प्रथा काही स्पर्धात्मक सर्व्हरांवर रुजली आहे, तिचा मात्र मी सरळ निषेध करतो. संशयित खेळाडूला व्हॉइस चॅनेलवर बोलावून, संगणकाचा ताबा दुरून देणारे एनीडेस्कसारखे अ‍ॅप टाकायला लावून त्याच्या घरच्या संगणकाची झडती घेतली जाते. नकार दिला तर तोच गुन्ह्याचा कबुलीजबाब मानून बॅन लावला जातो. झडती घेणारा कोण आहे, किती वर्षांचा आहे, हे कोणालाच ठाऊक नसते, आणि समोर बहुधा शाळकरी मूल असते, ज्याच्या घरात त्याच संगणकावर आई-वडिलांची बँकेची कामे होतात. याच अ‍ॅपचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेला 2019 मध्ये इशारा द्यावा लागला होता. खेळातल्या काही हिऱ्यांसाठी कोणाच्याही घराचे दार असे उघडायला लावू नये. एखादा फसवणारा सुटला तरी चालेल. मॉडने (नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या अ‍ॅडमिनच्या मदतनीसाने) अल्पवयीन खेळाडूला एकट्याने खाजगी संभाषणात ओढू नये आणि त्याच्या संगणकाचा ताबा मागू नये, हे प्रत्येक नियमावलीत लिहिलेले असले पाहिजे.

शिक्षेच्या मापाकडे येऊ. नव्या खेळाडूने शेजाऱ्याच्या शेतातले गहू कापले आणि पुन्हा लावले नाहीत, तर त्याला समज पुरे. जाणूनबुजून घर जाळले, तर नुकसान पूर्ववत करणे आणि काही दिवसांची बंदी. धमकी, लैंगिक त्रास, कोणाचा खरा पत्ता किंवा फोटो पसरवणे यांना मात्र पायऱ्या नकोत, तिथे लगेच आणि कायमची बंदी हवी. अनेक सर्व्हरवर हे उलटे दिसते: एक्स-रेला कायमचा बॅन, आणि मुलीचा आवाज ऐकताच व्हॉइस चॅनेलवर सुरू होणाऱ्या घाणेरड्या शेऱ्यांना ‘मस्करी’ म्हणून माफी. वस्तू परत देता येते. अपमानित होऊन सर्व्हर सोडून गेलेली मुलगी परत येत नाही. इंटरनेट पत्त्यावर बंदी घालण्याबाबतही सावध असावे. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात, वसतिगृहात तर सगळ्या मजल्याचा पत्ता एकच असतो; एकाला हाकलताना दहा निरपराध बाहेर पडू शकतात आणि त्यांना कारणही कळत नाही.

भाषेचा मुद्दा मराठी खेळाडूंच्या जिव्हाळ्याचा आहे. सार्वजनिक चॅटमध्ये फक्त इंग्रजी, असा नियम अनेक आंतरराष्ट्रीय सर्व्हरवर असतो. त्यामागचे कारण मला पटते: मॉडला जी भाषा कळत नाही तीत चाललेली शिवीगाळ तो थांबवू शकत नाही. पण दोन मित्रांनी आपसातल्या खाजगी संदेशांत मराठी वापरली म्हणून त्यांना गप्प करणे ही देखरेखीची गरज नसते, तो आळस असतो. तीच अपेक्षा आपण स्वतःकडूनही ठेवली पाहिजे. मराठी सर्व्हरवर हिंदी किंवा कन्नड बोलणारा कोणी आला तर भाषेवरून त्याची टर उडवणे, जातीवरून टोमणे मारणे, हे आचारसंहितेत नाव घेऊन निषिद्ध ठरवायला हवे. ‘आदराने बोला’ एवढे लिहून भागत नाही, कारण टोमणा मारणाऱ्याला आपण आदराने बोलत नाही असे कधीच वाटत नसते.

या सगळ्यावर अ‍ॅडमिनकडून एक उत्तर हमखास येते आणि ते हलके नाही. सर्व्हरचे भाडे मी भरतो, रात्री जागून मी सांभाळतो, मला एक पैसा मिळत नाही. मग माझ्या घरात माझे नियम का नसावेत, ज्याला पटत नाही त्याने दुसरा सर्व्हर शोधावा. यातली पहिली बाजू खरी आहे. स्वयंसेवक अ‍ॅडमिनकडून न्यायालयाची कार्यपद्धती मागणे अन्यायाचे होईल, आणि रात्री दोन वाजता कोणी गाव जाळत असेल तर समिती बसेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून तात्पुरती बंदी एकट्या मॉडला तत्काळ घालता यावी. कायमची बंदी मात्र दुसऱ्या माणसाने पुरावा पाहिल्यावरच लागू व्हावी, आणि ज्याच्यावर ती आली त्याला कारण आणि अपिलाची एक संधी मिळावी. पण ‘दुसरा सर्व्हर शोधा’ हे उत्तर मला मान्य नाही. सहा महिने बांधलेले गाव पाठीवर घेऊन कोणी जाऊ शकत नाही, आणि मित्रही सगळे बरोबर निघत नाहीत. पहिल्या दिवशी आलेल्या पाहुण्याला ते उत्तर देता येईल. ज्यांच्या श्रमांवर तो सर्व्हर जगण्याजोगा झाला त्यांना नाही. भाडे एकाने भरले तरी जग सर्वांनी मिळून घडवलेले असते.

पैशाचा संबंध आला की हा तर्क आणखी कमकुवत होतो. जून 2014 मध्ये माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीने स्पष्ट केले, की खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू सर्व्हरना विकता येणार नाहीत, आणि बदलासाठी 1 ऑगस्ट 2014 पर्यंत मुदत दिली. तेव्हा अनेक सर्व्हरचालकांनी संताप व्यक्त केला होता, पण माझ्या मते ती भूमिका योग्यच होती. सर्व्हरचा खर्च भागवायला वर्गणी घ्यावी, नावापुढे रंगीत पदवी द्यावी, त्यात काही वावगे नाही. देणगीदाराला तयार हिऱ्यांची तलवार मिळाली, की बाकीच्यांचे तास स्वस्त होतात. याहून वाईट म्हणजे पैसे घेऊन बॅन उठवणे. ज्या सर्व्हरवर शिक्षेची किंमत लावलेली असते तिथे शिक्षा जितक्या जास्त तितके उत्पन्न जास्त, आणि मग प्रामाणिक तपासात कोणाचेच हित उरत नाही.

सत्ता थेट कंपनीकडे द्यावी, हा दुसरा मार्गही तपासून पाहिला गेला आहे. जुलै 2022 मध्ये 1.19.1 आवृत्तीबरोबर मोजांगने चॅटची तक्रार थेट कंपनीकडे करण्याची सोय आणली, आणि कंपनीने बंदी घातली तर खाजगी सर्व्हरवरही खेळता येईनासे झाले. त्यावर खेळाडूंनी मोठा विरोध केला. मुलांचे शोषण, खऱ्या हिंसेच्या धमक्या अशा गोष्टी कंपनीकडे आणि पोलिसांकडेच गेल्या पाहिजेत, यात मला शंका नाही. पण कोणाची मेंढी कोणी चोरली, कुठल्या गावाची हद्द कुठे संपते, ही भांडणे दूरच्या कार्यालयाला कळणारी नाहीत. ती जागच्या जागीच सुटली पाहिजेत, आणि त्यासाठीच जागच्या सत्तेवर विश्वास बसेल अशी ती असली पाहिजे.

जवळजवळ कोणत्याच नियमावलीत न आढळणारी आणखी एक गोष्ट इथे मांडतो. सर्व्हर बंद पडतात. अ‍ॅडमिनची परीक्षा येते, नोकरी लागते, भाडे परवडेनासे होते, आणि एके दिवशी कनेक्शन लागत नाही. बंद करण्याचा अधिकार त्याचा आहेच. पण शक्य असेल तेव्हा काही आठवडे आधी सूचना द्यावी, आणि जगाची फाइल डाउनलोड करायला खुली ठेवावी, हे पहिल्या दिवसापासून नियमावलीत असावे. माइनक्राफ्टचे जग म्हणजे एक फोल्डर असतो. तो संकुचित करून दुवा देणे हे संध्याकाळभराचे काम आहे. ज्याला हवे तो ते आपल्या संगणकावर उघडू शकतो, आणि चार जण मिळून भाडे भरायला तयार असतील तर तेच गाव दुसऱ्या पत्त्यावर पुढे चालवू शकतात.